समूहगानासाठी आवाजाची पूर्वतयारी : महाड–पोलादपूर परिसरातील शालेय निवडीच्या संदर्भात

१. विषयाचे स्वरूप

शाळेच्या गायनवृंदासाठी मुलांची निवड करणे हे काम वरवर पाहता किरकोळ वाटते. जूनच्या मध्यास शाळा उघडतात; स्वातंत्र्यदिन दोन महिन्यांवर आलेला असतो; राष्ट्रगीत, १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ आणि एखादे स्वागतगीत ह्यांसाठी पंधरा-वीस आवाज हवे असतात. शिक्षक एकेका मुलास पुढे बोलावितात, एक कडवे म्हणवून घेतात आणि मिनिटाभरात निर्णय देतात. ह्या मिनिटाचा परिणाम मात्र दीर्घकाळ टिकतो. ‘तुला गळा नाही’ हे शब्द बाराव्या वर्षी ऐकलेला मुलगा पुढे घरच्या आरतीतही ओठ मिटून उभा राहतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

निवडीपूर्वीच्या तीन-चार आठवड्यांत मुलाचा आवाज सुधारणे शक्य आहे काय, आणि असल्यास सुधारावयाचे ते नेमके काय, असा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. एवढ्या अवधीत गळ्याची जात बदलत नाही. स्वरयंत्राची रचना तर मुळीच बदलत नाही. जे बदलू शकते ते म्हणजे श्वासाची शिस्त, स्वराचा उच्चार, योग्य पट्टीची ओळख आणि दुसऱ्याचा स्वर ऐकत गाण्याची सवय. समूहगानास आवश्यक असलेले गुण बव्हंशी ह्याच कोटीतील आहेत. म्हणून तयारी गळ्याची कमी आणि कानाची अधिक असावयास हवी, आणि निवडीची रीतही तदनुरूप असावयास हवी, हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपाद्य आहे.

२. वृंदाचे लक्षण

समूहगान ही शाळांनी अलीकडे निर्माण केलेली गोष्ट आहे असा समज आढळतो. वस्तुतः तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण ह्याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात गायक-वादकांच्या वृंदाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार वंशीवादक आणि चार मृदंगवादक असावेत असे तो सांगतो. ह्याहून अधिक मोठ्या वृंदास त्याने दिलेले नाव ‘कोलाहल’ असे आहे. समारंभाच्या हौसेपोटी दोनशे मुले एका ध्वनिवर्धकासमोर उभी करणाऱ्या शाळांनी हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याहून महत्त्वाचे आहेत ते त्याने सांगितलेले वृंदाचे सहा गुण. मुख्य गायकाचे अनुसरण करणे. परस्परांत मिळून जाणे. तालात लीन होऊन चालणे. एकाचे गाणे कोठे तुटल्यास दुसऱ्याने ते सांभाळून नेणे. मंद्र, मध्य व तार ह्या तिन्ही स्थानांत संचार करण्याची शक्ती असणे. आणि आवाजांत सादृश्य असणे. ह्या सहांपैकी केवळ एक, म्हणजे तिन्ही स्थानांत संचार करण्याची शक्ती, गळ्याच्या पल्ल्याशी निगडित आहे. उरलेले पाच ऐकणे, जुळवून घेणे आणि सावरून घेणे ह्यांच्याशी संबंधित आहेत.

शालेय निवडीत प्रत्यक्षात नेमके उलट घडते. मूल एकटे गाते. त्याचा आवाज किती मोठा व किती उंच जातो हे पाहिले जाते. आणि पाच गुणांची परीक्षा होतच नाही. परिणामी मूलही घरी एकट्याने, उंच आणि मोठ्याने गाण्याचाच सराव करते. निवड झाल्यावर मग त्याच मुलास ‘इतरांत मिसळून गा’ असे सांगण्याची पाळी येते.

३. परिसरातील गायनाची पार्श्वभूमी

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे पोलादपूर हा प्रदेश समूहगानास अपरिचित नाही. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव तानाजी मालुसरे ह्यांच्या समाधीमुळे प्रसिद्ध आहे, आणि तुळशीदास शाहिराने रचलेला सिंहगडाचा पोवाडा मराठी पोवाड्यांत अग्रगण्य मानला जातो. पोवाड्याची मांडणी मुळातच सामूहिक असते : शाहीर कथा पुढे नेतो आणि मागचे झीलकरी पंक्तीचा शेवट उचलून धरतात. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, आणि पुढील काळात आंबेडकरी जलशांनी तोच संदेश मुख्य गायक व साथीदार ह्यांच्या मेळातून गावोगाव पोहोचविला. ह्यांखेरीज गौरी-गणपतीतील जाखडी, शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या आणि सप्ताहातील भजन ही कोकणात आजही चालू असलेली परंपरा आहे.

ह्याचा अर्थ असा की, वाडीवरून शाळेत येणाऱ्या मुलास झील धरणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. भजनात टाळकऱ्यांच्या मागे बसलेल्या मुलाने मुख्यानुवृत्ती आणि तालातील लीनता हे दोन गुण शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच आत्मसात केलेले असतात. त्याला त्यांचे नाव ठाऊक नसते एवढेच.

ह्या परंपरेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. पोवाडा, जाखडी आणि भजन ह्यांची पट्टी प्रायः उंच असते; गायन उघड्यावर, डफ-ढोलकी-पखवाजाच्या नादावर मात करून चालते. मोठ्या माणसांच्या पट्टीत आवाज चढविण्याची सवय लागलेले मूल गळा आवळून ओरडू लागते. उपाय परंपरा तोडण्याचा नाही; तिच्यातून मिळालेली तालाची व साथीची जाण राखून केवळ पट्टी व बळ ह्यांत पालट करण्याचा आहे.

ह्या बाबतीत डोंगराळ भागातील आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. एका उतारावरून समोरच्या उतारावरील माणसास हाळी देताना मूल नकळत खोल श्वास घेते, जबडा मोकळा सोडते आणि एकच स्वर लांबवीत नेते. आवाजशिक्षक ज्या तीन गोष्टींसाठी महिने खर्च करतात त्या तिन्ही येथे सहज घडतात. तीच हाळी निम्म्या बळाने आणि एका निश्चित स्वरावर द्यावयास लावली की आकाराचा पहिला पाठ पूर्ण होतो.

४. पट्टी आणि वय

स्वर स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंच्या कंपनातून उत्पन्न होतो. गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया ह्याने १८५४ मध्ये आरशांच्या साह्याने स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले आणि पुढील वर्षी ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले; तेव्हापासून ह्या विषयास शास्त्रीय बैठक लाभली. महाराष्ट्रात प्रा. बा. र. देवधर आणि पुढे डॉ. अशोक रानडे ह्यांनी आवाजसाधनेचा विचार अभ्यासविषय म्हणून पुढे नेला.

मुलांचे स्वरतंतू आखूड असल्याने त्यांचा आवाज प्रौढ पुरुषापेक्षा साधारणतः एक सप्तक वर असतो. पुरुष शिक्षकाने स्वतःच्या पट्टीत स्वर दिला की लहान मुलापुढे दोन मार्ग उरतात : तोच स्वर वरच्या सप्तकात घेणे, अथवा शिक्षकाइतके खाली जाण्याचा प्रयत्न करणे. सप्तकांतराची कल्पना नसलेले मूल दुसरा मार्ग धरते, आवाज खाली दबतो आणि ते पुटपुटते. शिक्षक त्यास बेसूर ठरवितो. वस्तुतः तोच स्वर स्त्रीच्या अथवा दुसऱ्या मुलाच्या आवाजात ऐकविला, तर त्या मुलास तो पुष्कळदा सापडतो. स्वरांतील भेद जन्मतःच न कळणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांनुसार शेकडा दीड ते चार एवढेच आहे. वर्गातील निम्मी मुले बेसूर वाटत असतील, तर दोष बहुधा पट्टीचा असतो.

राष्ट्रगीताचे उदाहरण घेता हे स्पष्ट होईल. त्याच्या चालीचा विस्तार मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे एका सप्तकाहून किंचित अधिक आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी पेटीच्या मधल्या सप्तकातील पांढरी एक ते काळी दोन ह्यांमधील कोणताही स्वर षड्ज धरला, तर संपूर्ण गीत त्यांच्या आटोक्यात राहते. पांढरी एकचा हा षड्ज सेकंदास सुमारे २६२ आंदोलनांचा होय. उलट स्त्री-शिक्षिकेने आपल्या सोयीने खालची काळी चार धरली, तर आरंभीच्या पंक्ती मुलांना ऐकू येतील इतक्याही उमटत नाहीत. आणि पुरुषाने पांढरी चार धरली, तर अखेरच्या जयघोषात किंकाळी निघते. तार गांधारापर्यंत जाणाऱ्या गीतास षड्ज आणखी दोन-तीन पट्ट्या खाली आणावा लागतो. तात्पर्य, पट्टी शिक्षकाच्या गळ्यावरून किंवा पेटीच्या सोयीवरून ठरवावयाची नसून गीताचा विस्तार आणि मुलांचा पल्ला ह्यांवरून ठरवावयाची आहे.

सातवी ते नववीच्या मुलग्यांचा प्रश्न निराळा आहे. कंठ फुटण्याच्या काळात स्वरतंतू झपाट्याने वाढतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो; मुलींच्या आवाजातही पालट होतो, परंतु तो तीन-चार अर्धस्वरांपुरता असतो. अमेरिकन संशोधक जॉन कुक्सी ह्याने १९७० नंतरच्या दशकात मुलग्यांच्या ह्या स्थित्यंतराच्या क्रमवार अवस्था मांडल्या. मधल्या अवस्थांत आवाजाचा पल्ला आकुंचित होतो, स्वर मध्येच तुटतो आणि वरचा भाग फुसका होतो. तथापि आकुंचित पल्ल्यात गाणे हानिकारक नसते, हे त्याच्या मांडणीचे व्यावहारिक सार आहे. गतवर्षी वृंदात अग्रभागी असलेल्या मुलास ह्या वर्षी वगळणे म्हणजे वाढीबद्दल शिक्षा करणे होय. त्याला षड्ज-पंचमाच्या आसपास फिरणारा झिलीचा भाग द्यावा. वृंदास त्याच्या खालच्या स्वराचा आधार मिळतो आणि त्याचे गाणे तुटत नाही.

५. चार आठवड्यांचा क्रम

पुढील क्रम रोज पंधरा-वीस मिनिटे एवढ्याच वेळाचा आहे. दीर्घ बैठकीपेक्षा थोडा परंतु नित्याचा सराव मुलांच्या गळ्यास मानवतो.

पहिला आठवडा श्वासाचा. मूल ताठ परंतु सैल उभे राहील असे पाहावे. श्वास घेताना खांदे उचलले जात असतील, तर श्वास उथळ आहे असे समजावे. कमरेवर हात ठेवून बरगड्यांचा खालचा भाग बाहेर पडतो की नाही हे मुलास स्वतः तपासावयास लावावे. त्यानंतर ‘स’काराचा सूत्कार एकसारखा दहा, बारा, पंधरा मात्रांपर्यंत लांबवीत न्यावा. श्वास किती भरला ह्यापेक्षा तो किती समप्रमाणात सोडला, ह्यास महत्त्व आहे.

दुसरा आठवडा स्वर मोकळा करण्याचा. ओठ मिटून गुंजन करणे, मोटारीचा आवाज काढताना मुले करतात तशी ओठांची फुरफुर करीत स्वर वर-खाली नेणे, अथवा बारीक नळीतून स्वर फुंकणे, ह्या क्रियांत तोंडाचा मार्ग अंशतः बंद राहिल्याने स्वरतंतूंवरील आघात कमी होतो. अमेरिकन ध्वनिशास्त्रज्ञ इंगो टिट्झे ह्याच्या संशोधनाने ह्या जुन्या युक्तीचे कारण स्पष्ट केले आहे. त्यानंतर तंबोऱ्याच्या सुरावर षड्ज, आणि मग तीन-तीन स्वरांचे साधे पलटे आकारात घ्यावेत. प्रौढ गायकांची खर्जसाधना लहान मुलांकडून करवून घेऊ नये. त्यांच्या गळ्यात ती खोली अद्याप नसते आणि ती आणण्याच्या प्रयत्नात गळा दाबला जातो.

तिसरा आठवडा कानाचा. दोन मुले समोरासमोर उभी करावीत. एकाने स्वर धरावा, दुसऱ्याने डोळे मिटून त्यात मिसळावे, आणि दोहोंतील कंप नाहीसा होईपर्यंत थांबावे. मग तीन, मग पाच मुले. स्वतःचा आवाज शेजाऱ्याच्या आवाजाहून मोठा ऐकू येत असेल, तर तो कमी करावयाचा, हा एकच नियम द्यावा. दीर्घ पंक्तीत सर्वांनी एकाच ठिकाणी श्वास न घेता आळीपाळीने घ्यावयाचा आणि एकाचा स्वर थांबला की दुसऱ्याने तो चालू ठेवावयाचा, हा सरावही ह्याच आठवड्यात यावा. तुटलेले सांभाळून नेणे हा शार्ङ्गदेवाने सांगितलेला गुण तो हाच.

चौथा आठवडा शब्दांचा. आवाजांतील सादृश्य बव्हंशी स्वरवर्णांच्या सारखेपणावर अवलंबून असते. एकाचा आकार रुंद आणि दुसऱ्याचा गोल असेल, तर सूर जुळूनही वृंद फाटल्यासारखा वाटतो. म्हणून गीताची पंक्ती प्रथम केवळ स्वरवर्णांवर गाऊन घ्यावी आणि मग व्यंजने घालावीत. बोलीतून आलेल्या ‘ण’–‘न’ आणि ‘ळ’–‘ल’ ह्यांच्या उच्चारभेदांकडे ह्या टप्प्यावर लक्ष द्यावे. मात्र ते सर्वांस मिळून एकदम शिकवावे. एकट्या मुलाच्या बोलीवर चारचौघांत बोट ठेवल्यास त्याचा उच्चार सुधारण्यापूर्वी आवाज बसतो.

६. पावसाळा आणि घशाची निगा

निवडीचा काळ आणि ह्या प्रदेशातील ऐन पावसाळा एकच असतो. येथील वार्षिक पर्जन्यमान सर्वसाधारणतः तीन हजार मिलिमीटरांहून अधिक आहे. पत्र्याच्या छपरावर सर कोसळू लागली की वर्गातील प्रत्येकजण नकळत आवाज चढवितो. सभोवतालच्या गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप वाढतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार ह्याने १९११ मध्ये दाखवून दिले, आणि तो परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. ओरडू नका असे सांगून तो टळत नाही, कारण तो इच्छेवर अवलंबून नाही. सर ओसरेपर्यंत गाणे थांबवावे आणि तेवढा वेळ श्वासाच्या व तालाच्या सरावास द्यावा, हाच सोयीचा मार्ग आहे. पावसाच्या नादात घेतलेली निवडपरीक्षा केवळ मोठ्या आवाजांची निवड करते.

वाडीवरून चढ-उतार चालत, भिजत आलेल्या मुलास आल्याबरोबर गावयास उभे करणे हाही अन्याय होय. दम खाली बसण्यास आणि अंग कोरडे होण्यास दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. शाळेजवळ राहणारे मूल आणि तीन-चार किलोमीटर चालत आलेले मूल ह्यांची तुलना त्याशिवाय समपातळीवर होत नाही.

घरगुती उपचारांविषयी एवढेच सांगता येईल की, ज्येष्ठमध, खडीसाखर वा आल्याचा काढा ह्यांनी घशास आराम वाटतो. परंतु गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना तो स्पर्शही करीत नाही. तेव्हा ह्या वस्तूंनी स्वर गोड होतो हा समज निराधार आहे. दिवसभर पुरेसे पाणी पिणे आणि पुरेशी झोप ह्यांचा उपयोग अधिक होतो. वारंवार घसा खाकरल्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे. आवाज बसला असता कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती नव्हे; पूर्ण मौन किंवा हळू परंतु स्वाभाविक बोलणे बरे. चुलीचा धूर हे घसा खवखवण्याचे नित्याचे कारण असते. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. सतत ओरडणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर बारीक गाठी येतात, आणि वेळीच लक्ष दिल्यास बहुतेकांच्या त्या केवळ आवाजाच्या योग्य वापराने बऱ्या होतात.

७. निवडीची रीत

वरील विवेचनावरून निवडीच्या पद्धतीविषयी काही निष्कर्ष निघतात. मुलास प्रथम त्याच्या मनाचे गाणे त्याच्याच पट्टीत गाऊ द्यावे. ते भजन असो वा जाखडीचे. त्यावरून त्याचा स्वाभाविक पल्ला कळतो. नंतर दुसऱ्या मुलाच्या आवाजात स्वर देऊन तो जुळवावयास सांगावे, आणि पहिला प्रयत्न फसल्यास दुसरा व तिसरा द्यावा. पहिल्या प्रयत्नात स्वर सापडणे हे पूर्वसंस्काराचे लक्षण आहे. तिसऱ्या प्रयत्नात सापडणे हे शिकण्याच्या क्षमतेचे. वृंदास दुसऱ्याची गरज अधिक असते. अखेरीस तीन-तीन मुलांना एकत्र गावयास लावून कोण कोणाचे ऐकतो हे पाहावे. वृंदाचे पाच गुण ह्या शेवटच्या कसोटीतच प्रकट होतात.

ह्या रीतीस वर्गामागे एक तासिका अधिक लागेल. तिच्या बदल्यात कंठ फुटत असलेला मुलगा, पुरुषी पट्टीत हरवलेली मुलगी आणि डोंगर उतरून धापा टाकीत आलेले मूल ही तिघेही वृंदात राहू शकतात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा संगीत मोजक्या घराण्यांतून बाहेर काढून सामान्यांच्या वर्गात आणणे हा त्यांचा हेतू होता. शालेय वृंद हे त्या वर्गाचे सर्वांत पुढे पोहोचलेले टोक आहे. ज्या मुलाच्या घरी पेटी नाही आणि तालुक्यात ज्यास गुरू नाही, त्यास संगीतात प्रवेश देणारे दार पुष्कळदा हेच असते. ते उघडावयाचे की लावून घ्यावयाचे, हे त्या एका मिनिटात परीक्षक काय ऐकतो ह्यावर ठरते. आणि म्हणून निवडीपूर्वीची तयारी मुलांनी जितकी करावयाची, तितकीच ती शिक्षकानेही करावयाची आहे.